वेळ उलटल्यावरची रेघ

दादा,

पेपरात तुझ्यावर चांगलं लिहून आलंय. फोटो जुना छापलाय, डोक्यावर भरपूर केस असतानाचा, तेवढ्यावर तू खूश झाला असतास. तालुक्याचा सुपुत्र, साधा माणूस, मितभाषी संशोधक. मितभाषी हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे, माझ्याशी तरी तू कधी मितभाषी नव्हतास. आणि शेवटची ओळ अशी, की डेंगीच्या तापाने निधन.

ते डेंगी मी दिलेलं आहे. माझ्या लॅबच्या कागदावर, माझ्या सहीने. तिथून ते डॉक्टरांच्या तोंडी गेलं, मग गावाच्या, मग पेपरात छापून आलं. आता ते खोटं आहे असं कोणी म्हणणार नाही. खोटं आहे हे ठाऊक असलेली माणसं चार, त्यातला एक तू.

तुझ्या पुण्याच्या संस्थेला स्मरणिका काढायची आहे. बहिणीच्या आठवणी दोन पानांत द्या, लहानपणीचे किस्से असले तर उत्तम, असं पत्र आलंय. मी लिहायला बसले आणि हे लिहिते आहे. हे त्यांना चालणार नाही. त्यांना चालेल असं लिहिण्याएवढी मी अजून भली झालेली नाही.

तुझं काम काय होतं हे मी लोकांना नेहमी तुझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. तू सांगायला लागलास की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. मी सांगायचे, की आपण तापात जंतू शोधतो. तो कधी सापडतो, कधी लपतो, कधी सापडेपर्यंत उशीर होतो. माझा दादा जंतू शोधतच नाही, तो शरीरालाच विचारतो. आत कोण शिरलंय हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आपल्याआधी कळलेलं असतं. विषाणू शिरला की त्या काही ठरावीक जनुकं जागी करतात, जिवाणू शिरला की दुसरीच. आणि शरीर लढाई हरायला लागलं की तिसरीच काही जागी होतात. कुठली जागी आणि कुठली झोपलेली, एवढं वाचता आलं की ताप साधा की जीवघेणा ते कळतं, अँटिबायोटिक द्यायचं की नाही तेही कळतं. आईला तू हेच सांगितलंस तेव्हा तिने एका वाक्यात त्याचा निकाल लावला. आपण देवीला फुलं लावून कौल घेतो, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही, तसंच ना हे? तू हसत हो म्हणालास. मग गावभर झालं, की भगवतीच्या देवळाकडच्या घरातला झील रगताचो कौल घेता.

माझ्या कामाला मात्र तू असं गोड नाव कधी दिलं नाहीस. 'तुमी मोजतात, आमी आयकतों,' हे तुझं ठरलेलं. मी पेशी मोजणारी, तू पेशींचं ऐकणारा. कुडाळला बाजारपेठेत लॅब काढून मला पंधरा वर्षं झाली. सगळा तालुका माझ्यासमोर बाही वर करून बसतो. पण तू आलास की माझ्या कार्डांच्या पेट्यांकडे बघून हसायचास. रक्ताचे दोन थेंब टाका आणि रेघेची वाट बघा, ही काय तपासणी झाली, म्हणायचास. मी म्हणायचे, तुझं यंत्र पुण्यात, माझा पेशंट इथे बाकावर. तुझं पेशींचं ऐकून होईपर्यंत माणसाचा बारावा होतो. हे मी खरंच म्हणायचे, दादा. चहा पिता पिता म्हणायचे.

आणखी एक भांडण राहिलंय. गेली तीन वर्षं तू पावसाळ्यात माझ्याकडे येऊन तापाच्या पेशंटांचं रक्त घेऊन जायचास, अभ्यासासाठी. कागद वाचून दाखवायचास, सह्या घ्यायचास, सगळं रीतसर. तुझ्या त्या नळीत आधीच एक औषध भरलेलं असायचं. रक्त त्या क्षणी काय बोलत होतं ते तिथल्या तिथे थिजवून ठेवणारं. मग नळीवर नाव नाही, फक्त नंबर. तू पुण्याला निघून गेलास की लोक मला विचारायचे, भाऊंनी रक्त घेतल्यानी, तेचा रिपोर्ट खंय? रिपोर्ट मिळत नाही, हे सांगायला मी. अजून सिद्ध झालेलं नाही, त्यावर उपचार करणं चुकीचं, असं तू म्हणायचास, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, मग ह्यांना काय मिळालं? तू म्हणालास, ह्यांना नाही, पुढच्यांना मिळेल. मी म्हटलं, पुढचेही हेच असणार, ह्याच बाकावर बसलेले. त्यावर तू चिडून मोटरसायकल काढून धामापूरला घरी निघून गेलास, जेवायलाही थांबला नाहीस. त्याचं उत्तर तू द्यायचं होतंस.

ह्या वर्षी चतुर्थीला तू पाच दिवस आधी आलास. माटवी बांधायला बाजारातून सामान आणू असं मी म्हणत होते. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती चौकट, तिला रानातलंच सामान हवं, विकतचं कसलं, म्हणून तू हट्ट धरलास. पुण्यात राहून तुला गावाचा पुळका जरा जास्तच यायचा. तलावाखालच्या व्हाळात ढोपरभर पाण्यात अनवाणी उतरलास, कांगलं आणि हरणं, ही माटवीला लागणारी रानफळं-रानफुलं, शोधायला. टाच फुटलेली होती. आईने ओरडून सांगितलं, पायात काय तरी घाल. वर आलास तेव्हा पायाला चिखल, हातात दोन्ही मुठी भरून रानफळं आणि चेहऱ्यावर दहा वर्षांच्या पोराचा आनंद. माटवी खरंच छान झाली होती. लोक बघून गेले. तो व्हाळ मी नंतर अनेकदा बघून आले. त्याच्यात काही दिसत नाही, पाणी स्वच्छच आहे.

आपला सात दिवसांचा गणपती गेला आणि नवव्या दिवशी तुला थंडी वाजून आली. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसेल, पण आपल्याकडे गणपती घरात असेपर्यंत कोणी आजारी पडत नाही. म्हणजे पडतात, पण सांगत नाहीत. विसर्जन झालं की सगळे एकदम सांगतात. त्या आठवड्यात माझ्या बाकावर जागा नसते, माणसं पायरीवर बसतात. सकाळी धामापूरला घरीच तुझं रक्त काढलं. तू तापातही मस्करी करत होतास, माझ्या अभ्यासाच्या नळीतही घे, म्हणजे मीही एक नंबर होतो, म्हणालास. तुझ्याच हाताने कागदावर सही केलीस. दोन्ही नळ्या घेऊन मी कुडाळला आले. तुझी नळी फ्रीजरमध्ये ठेवली. कुरियर सणामुळे बंद होतं. माझ्या नळीतलं रक्त डेंगीच्या कार्डावर टाकलं आणि कार्ड टेबलाच्या कडेला ठेवलं.

ते कार्ड वीस मिनिटांत वाचायचं असतं. त्यानंतर त्याच्यावर रेघ उमटली तरी तिला विचारायचं नसतं. पट्टी सुकत जाते तशी ती आपोआप उठते, तिला काही अर्थ नसतो. हे मी स्वतः शिकलेलं आहे, आणि माझ्याकडे शिकायला आलेल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. त्या दिवशी एका म्हाताऱ्यांची शीर मिळेना, एका बाईला रक्त बघून चक्कर आली, मग वीज गेली. मी कार्डाकडे वळले तेव्हा तास उलटून गेला होता. रेघ होती. फिकी, पण होती.

पेटीत आणखी कार्डं होती. नवीन लावायला वीस मिनिटं लागली असती. शेजारच्याच पेटीत लेप्टोचीही कार्डं होती, उंदरांच्या मुताने बाधलेल्या पाण्यातून फुटलेल्या टाचेवाटे शिरणाऱ्या जिवाणूच्या तापाची. तुझ्या प्लेटलेट उतरल्या होत्या, ते डेंगीला धरून होतं. पण डेंगीत पांढऱ्या पेशीही उतरतात आणि तुझ्या उलट वाढलेल्या होत्या. ते मी बघितलं, आणि असतं कधी कधी म्हणून सोडून दिलं. तू सकाळी पोटऱ्या फार दुखतात म्हणाला होतास. मी म्हटलं होतं, पुण्याच्या माणसाला व्हाळात उतरायची सवय राहिलेली नाही.

तेवढ्यात तुझा फोन आला. हा फोन आपल्या दोघांतच झाला, म्हणून नीट लिहिते.

तू विचारलंस, "रेघ कशी आसा?"

मी म्हटलं, "फिकी. पण आसा."

"येळेत बघितलंस?"

"बघितलंय."

"तुझ्या हातचां आसा ना, मग झालां."

पंधरा वर्षं माझ्या कार्डांना हसणारा माणूस तू. त्या क्षणी मी 'नाही रे, उशीर झाला, दुसरं लावते' म्हटलं असतं तर तू हसला असतास, दोन टोमणे मारले असतेस आणि वाचला असतास. मला ते हसणं नको होतं. एवढंच कारण आहे, दादा. गर्दी, वीज, फोन ही सगळी कारणं मी स्वतःला सांगून बघितली. त्यांच्यामुळे उशीर झाला, पण खोटं त्यांनी बोलायला लावलं नाही. खोटं मी बोलले, आणि तू नेमका त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर विश्वास ठेवलास.

संध्याकाळी आपले डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी कागद बघितला, तुझे लाल डोळे बघितले, आणि एक अँटिबायोटिक सुरू करून ठेवावं का असं चाचरत विचारलं. दोन वर्षांपूर्वी तूच त्यांच्यासमोर आणि तालुक्याच्या सगळ्या डॉक्टरांसमोर तासभर बोलला होतास. विषाणूच्या तापात ऊठसूट अँटिबायोटिक देऊन आपण औषधांची धार घालवतो, असं. त्यामुळे त्यांना तुला गोळी द्यायचीही लाज वाटत होती. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, भाषणं हाच देत फिरतो, आणि डेंगीत तिचा उपयोग काय? तू हसलास आणि मान हलवलीस. डॉक्टरांनी बॅग बंद केली. ती साधी गोळी होती, आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रातून घरोघर वाटतात तीच.

तिसऱ्या दिवशी आई मला न विचारता देवळात गेली. झिलाला गोव्याला न्यायचा काय, म्हणून गुरवांकरवी देवीला विचारलं. उजवा कौल झाला. धावतपळत घरी आली, गाडी सांग म्हणाली. मी तिला समजावलं, डेंगीसाठी गोव्यात वेगळी गोळी नसते, पाणी पाजायचं आणि वाट बघायची. शिकलेली मुलगी सांगते म्हणून ती गप्प बसली. दोन दिवस नारळपाणी पाजत राहिली. माझा कौलावर विश्वास नाही, तुझाही नव्हता, आणि अजूनही मी तो ठेवणार नाही. पण त्या घरात त्या दिवशी बरोबर बोललं ते फक्त ते फूल, हे मला गिळता येत नाही.

पाचव्या दिवशी तुझी लघवी थांबली, तेव्हा आपण गाडी केली. बांद्याला महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती, अँब्युलन्सला पुढे सरकता येईना. तू डोळे उघडलेस. पिवळे झाले होते. स्वतःच्या हाताची नखं जवळ धरून बघितलीस, शाळेत असताना भिंगातून किडे बघायचास तशी. मग म्हणालास, "बाय, ह्यां डेंगी न्हय."

मी म्हटलं, "उगी रव."

आपलं शेवटचं बोलणं हे. एवढी वर्षं वाद घालून शेवटचा वाद तू जिंकलास आणि मी तुला उगी राहायला सांगितलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तुला कळलं होतं का? येळेत बघितलंस, हे परत विचारायचं तुझ्या मनात आलं असेल, आणि माझा चेहरा बघून तू सोडून दिलं असशील, असं मला वाटतं. तू तसा होतास. टोमण्यांच्या बाबतीत कंजूस नव्हतास, पण खरं दुखेल तिथे हात लावायचा नाहीस. गोव्याच्या डॉक्टरांनी सगळं केलं, सगळी औषधं दिली. त्यांचे तपासाचे कागद यायच्या आत तू गेलास. ते काय लिहून आले हे विचारायला पुन्हा तिथे जायची आमची कोणाची छाती झाली नाही. मीच जाऊ दिलं नाही, असंही म्हण.

बाराव्यानंतर पद्मजाचा फोन आला. तुझ्याबरोबर यंत्रावर बसणारी ती, तुझ्या डब्यातली सोलकढी चोरून पिणारी. तुझी नळी उशिरा निघालेल्या खोक्यातून इतरांच्या नळ्यांबरोबर तिच्याकडे पोचली होती. नंबरामागचं नाव उघडायचं नसतं, हा तुमचाच नियम, आणि तिने आयुष्यात तो पहिल्यांदा मोडला होता. बराच वेळ ती नुसतीच रडत होती. मग कामाच्या आवाजात म्हणाली, विषाणूची जनुकं शांत होती, जवळजवळ झोपलेलीच. जिवाणूंची सगळी जागी होती. आणि तिसरी यादी, शरीर हरायला लागल्याची, तीही पहिल्याच दिवशी हलायला लागली होती. तिने विचारलं, तिकडे डेंगी कोणी ठरवलं?

मी म्हटलं, कार्डावर रेघ होती.

म्हणजे तुझं खरं होतं, दादा. ज्या सकाळी मी तुझ्या दंडाला पट्टा बांधला त्या सकाळी तुझ्या रक्ताला सगळं ठाऊक होतं. ते ओरडून सांगत होतं आणि मी त्याला नळीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवलं, मटार ठेवावेत तसं. तुझं यंत्र माझ्या टेबलावर असतं तर तू आज असतास. आणि ते नव्हतं, तरी तू असतास, जर मी वीस मिनिटं दिली असती. लोकांना हे पहिलं वाक्य आवडेल. स्मरणिकेत तेच घालतील, संशोधनाला निधी मिळायलाही बरं. दुसरं वाक्य मला एकटीला पुरतं.

उपकारही खूप आहेत तुझे, ते नाकारत नाही. लॅबचा परवाना मिळेना तेव्हा तू चार वेळा रजा टाकून आलास. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पांढरी पेशी दाखवलीस ती तूच, आणि मी किंचाळले तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतून दोघांना बाहेर काढलं होतं. मला हे काम आवडतं ते तुझ्यामुळे. पण आत्ता ह्या उपकारांचा मला रागच येतो. तू मला कमी शिकवलं असतंस तर मला आज एवढं नीट कळलं नसतं, की मी काय केलं.

आई रोज म्हणायची, देवीन उजवो दिल्यान, मीच तुमचां आयकलंय. जप केल्यासारखं. भात निवडताना, दिवा लावताना. कौल मोडल्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन ती वाळत चालली होती. माझ्याने ते बघवेना. एका दुपारी तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. कार्ड, तास, फोन, तू काय विचारलंस आणि मी काय म्हटलं. काही गाळलं नाही. मला वाटत होतं ती मला मारेल, किंवा जवळ घेईल. तिने सुपातले खडे वेचणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तेना इचारल्यान तुका?" मी हो म्हटलं. ती परत खडे वेचायला लागली. त्यानंतर जप थांबला. मला वाटलं, चला, तिच्यापुरतं तरी भलं झालं.

गेल्या आठवड्यात माझा एक ओळखीचा लॅबवाला आहे ना मालवणचा, त्याचा फोन आला. धंद्यातली माणसं एकमेकांना कळवतात तसा, सहज. म्हणाला, "ताई, आईंचो रिपोर्ट बरो आसा, काळजी करू नकात. ताप साधोच आसा." तिला ताप आहे हे मला ठाऊक नव्हतं. आदल्या सकाळी मी तिच्या हातचा चहा पिऊन लॅबला गेले होते. ती माझ्या मागून एस.टी.ने एकटी मालवणला गेली, रक्त देऊन आली, आणि संध्याकाळी मला मासे तळून वाढले. दंडाला कापूस चिकटलेला असणार, तो बाहीखाली झाकला होता.

मी तिला काही विचारलं नाही, दादा. तिचं बरोबर आहे. तूही तेच करायला हवं होतंस.